मधली हवा

माझ्या कामात सगळ्यात जास्त वेळ जातो तो काळ्या रंगावर. व्हीएफएक्स, म्हणजे सिनेमा-मालिकांतली संगणकावर घडवलेली दृश्यं, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर स्फोट, राक्षस, आकाशातून येणारे रथ येतात. ते घडवणारी माणसं वेगळी. ती संगणकात आकार उभे करतात, त्यांवर कातडी चढवतात, प्रकाश टाकतात. माझ्यापर्यंत येतात ते तुकडे. प्लेट, म्हणजे सेटवर कॅमेऱ्याने घेतलेलं मूळ चित्रण, थ्रीडीतून आलेला महाल, कुणीतरी रंगवलेलं आकाश, लायब्ररीतून काढलेला धूर. हे तुकडे एका चौकटीत असे बसवायचे की ते एकाच वेळी, एकाच जागी, एकाच कॅमेऱ्यासमोर होते असं वाटलं पाहिजे. याला कॉम्पोझिटिंग म्हणतात, आमच्या बोलण्यात नुसतं कॉम्प. आणि तुकडे जुळले की नाहीत, हे सगळ्यात आधी कळतं ते अंधाऱ्या भागांत.

उजेडातला फरक डोळा खपवून घेतो. ऊन जरा जास्त पिवळं झालं, आकाश जरा जास्त उजळलं, तर बघणारा 'संध्याकाळ असेल' म्हणून पुढे जातो. काळ्यातला फरक तसा सुटत नाही, कारण काळा रंग अंतर सांगतो. जवळच्या झाडाखालची सावली आणि दूरच्या झाडाखालची सावली, दोन्हींना आपण काळंच म्हणतो. प्रत्यक्षात त्या दोघींमध्ये मैलभर हवा असते, आणि ती हवा चित्रात दिसते.

हे मी कुठल्याही ट्युटोरियलमधून शिकले नाही. मी ठाण्यात कोपरीला राहते, स्टुडिओ ऐरोलीत आहे. संध्याकाळी परतताना बस ऐरोलीच्या पुलावर चढते तेव्हा सूर्य समोर असतो आणि खाडीत उभे असलेले विजेचे उंच मनोरे त्या उजेडात काळे होतात. एकाच लोखंडाचे, साधारण एकाच घाटाचे, एकामागून एक दूर जाणारे. पुलाजवळचा मनोरा खरोखरच काळा दिसतो, त्याची एकेक आडवी-तिरपी पट्टी मोजून घ्यावी. त्यापुढचा किंचित तपकिरी. त्यापुढचा राखाडी. अगदी लांबचा जवळजवळ आकाशाच्याच रंगाचा, नीट बघितल्याशिवाय सापडत नाही. रंग कुणी बदललेला नाही. बदललंय ते फक्त आपल्या आणि त्यांच्या मधल्या हवेचं माप.

हवा रिकामी नसते. खाडीवर तर नसतेच. तिच्यात मिठाची ओल असते, धूळ असते, ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या ट्रकांचा धूर असतो. उन्हाचा किरण या कणांवर आपटतो आणि त्यातला थोडा आपल्या डोळ्याकडे वळतो. मनोऱ्यापर्यंतचं अंतर जितकं लांब, तितका हा वळलेला प्रकाश वाटेत जास्त साठतो. म्हणून काळा भाग उजळत जातो. त्याच वेळी दूरच्या पांढऱ्या इमारतीचा प्रकाश आपल्यापर्यंत येता येता गळत जातो, म्हणून ती मळकट होत जाते. काळं वर येतं, पांढरं खाली येतं, आणि दोघं क्षितिजाच्या रंगाला जाऊन मिळतात. हे घडतं तेही ठरावीक नेमाने, दर टप्प्याला सारख्या हिश्शाने. समजा एका किलोमीटरला मूळ रंगाचा निम्मा भाग उरला, तर दोन किलोमीटरला पाव आणि तीनला आठवा हिस्सा.

हा नेम ऋतूप्रमाणे आपले आकडे बदलतो. डिसेंबरच्या सकाळी खाडीवर इतकं दाट धुकट असतं की पलीकडची येऊरची रांग आहे हे आठवणीनेच माहीत असतं. जुलैत चार दिवस झोडपून पाऊस थांबला की धूळ धुऊन निघते आणि तीच रांग मुलुंडच्या टॉवरांच्या पाठीला टेकल्यासारखी जवळ येते, झाडंसुद्धा वेगवेगळी दिसतात. डोंगर तिथेच असतो, पण डोळ्याने मोजलेलं अंतर हवेवर ठरतं. कॉम्प करणाऱ्याने एवढं एक मनाशी पक्कं धरलं तरी त्याचे अर्धे शॉट सुटतात, असं मला खरंच वाटतं.

आमच्या टीममध्ये कळव्याचा एक मुलगा आहे. हुशार आहे, हात वेगवान आहे. मागे एका ऐतिहासिक मालिकेचं काम आलं होतं, त्यात नायक टेकडीवर उभा आणि मागे लांबवर किल्ला. किल्ला थ्रीडीतून आला होता आणि खरोखर सुंदर होता. तटाच्या दगडांत उगवलेलं गवतसुद्धा केलं होतं. त्याने तो बसवला, बराच वेळ झगडला, आणि मग माझ्या खुर्चीपाशी आला.

"ताई, जरा बघतेस? सावलीची दिशा बरोबर आहे, उन्हाचा रंग बरोबर आहे, कॅमेरा हलतो तसा किल्लाही हलतो, ट्रॅक घट्ट बसलाय. तरी किल्ला कापून चिकटवल्यासारखा दिसतोय."

मी म्हटलं, "व्ह्यूअरचा गॅमा वर ने."

गॅमा वर नेला की चित्राचे अंधारे भाग उघडतात आणि एरवी न दिसणारे सांधे समोर येतात. नेला. किल्ल्याच्या दरवाजाखालची सावली जवळजवळ शून्य होती. नायकाच्या केसांपेक्षा किल्ल्याची सावली काळी! म्हणजे डोळ्याच्या हिशोबात तो किल्ला नायकाच्याही पुढे, कॅमेऱ्याला चिकटून उभा होता. त्याच चौकटीत किल्ल्याशेजारची खरी टेकडी निळसर राखाडी होती, तिच्या सगळ्यात गडद दरीतसुद्धा काळं नावाला नव्हतं.

थ्रीडीवाले चित्राबरोबर आणखी एक चित्र देतात, त्याला डेप्थ पास म्हणतात. त्यात रंग नसतो. प्रत्येक बिंदू कॅमेऱ्यापासून किती लांब आहे एवढाच आकडा त्यात भरलेला असतो. त्या आकड्याच्या आधाराने हवा घालता येते, जवळ थोडी, दूर जास्त. त्याने ती घातली, पण राखाडी घातली. मग मी त्याला प्लेटमधल्या टेकडीचा रंग उचलायला सांगितला. तिथे निळा सगळ्यात जास्त वर आलेला, लाल सगळ्यात कमी. तो म्हणाला, "किती टाकू?" त्याला मी आकडा दिला नाही, प्लेट बघायला सांगितली. थोड्या वेळाने त्याचं त्यालाच दिसलं की सकाळची वेळ आहे, दरीत धुकं बसलंय, त्यामुळे खऱ्या टेकडीचा पायथा माथ्यापेक्षा जास्त विरलेला आहे. त्याने किल्ल्याचा पायथाही तसाच विरवला. सुंदर केलेलं ते गवत दिसेनासं झालं. थ्रीडीच्या मुलीला वाईट वाटलं असणार, पण त्या क्षणी किल्ला मागे गेला आणि तिथे राहिला.

ही सगळी आजची सोय वाटते, पण हे काम सिनेमाइतकंच जुनं आहे आणि तेव्हाही ते काळ्या रंगावरच चालायचं. फिल्मवर काळं म्हणजे प्रकाश पडलाच नाही अशी जागा. तिथे काही उमटलेलं नसतं, म्हणून ती जागा पुन्हा वापरता येते. कॅमेऱ्यासमोर काळा पुठ्ठा धरून चौकटीचा अर्धा भाग झाकायचा, उरलेला चित्रित करायचा, फिल्म मागे गुंडाळायची, मग उलट बाजू झाकून दुसरं चित्र त्याच फिल्मवर घ्यायचं. 1898 मध्ये पॅरिसजवळ ज्योर्ज मेलिएस या फ्रेंच जादूगार-दिग्दर्शकाने पडद्यावर स्वतःचं डोकं काढून टेबलावर ठेवलं ते अशाच काळ्या पार्श्वभूमीच्या जोरावर. आणि आपल्याकडे दादासाहेब फाळके. 'राजा हरिश्चंद्र' 1913 चा, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा लावून त्याचं रोप कसं वाढतं हे थोडं थोडं चित्रित केलं होतं आणि ती फिल्म दाखवून भांडवल उभं केलं होतं, हे मला जास्त जवळचं वाटतं. कॅमेरा काळाचे तुकडे करतो आणि ते हवे तसे जोडता येतात, हे कळलेला माणूस होता तो. बडोद्याच्या कलाभवनात शिकलेला, छायाचित्रण आणि छपाई दोन्हींत हात घातलेला, जादूचे प्रयोगही जाणणारा. 1919 मध्ये त्यांनी 'कालिया मर्दन' केला, स्वतःच्या मुलीला, मंदाकिनीला, कृष्ण करून. त्र्यंबकेश्वरला जन्मलेला माणूस आपल्या या कामाचा पूर्वज आहे, ही गोष्ट ऐरोलीत रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येक मुलाला ठाऊक असायला हवी, आणि बहुतेकांना ती कुणी सांगितलेलीच नसते.

तो काळा पुठ्ठा पुढे गणितात उतरला. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत एड कॅटमल आणि अॅल्वी रे स्मिथ यांनी चित्राच्या लाल, हिरव्या, निळ्या आकड्यांसोबत चौथा आकडा ठेवायची कल्पना काढली. तो बिंदू किती झाकलेला आहे हे सांगणारा, त्याचं नाव अल्फा. 1984 मध्ये लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी त्यावर चित्रं जोडण्याचे नियम मांडले. त्यातला सगळ्यात वापरातला नियम एका ओळीचा आहे. मागच्या चित्राला, एकातून अल्फा वजा करून जे उरेल, त्याने गुणा आणि त्यात पुढचं चित्र मिळवा. मागच्या चित्राला गुणणं म्हणजे तो पुठ्ठाच धरणं. फरक इतकाच की पुठ्ठ्याला केसाच्या बटीइतकं बारीक होता येत नव्हतं. अल्फाला होता येतं. बिंदूचा तिसरा हिस्सा केसाने व्यापला असेल तर तिसरा हिस्साच झाकायचा. नायिकेचे भुरभुरणारे केस आज दुसऱ्या देशाच्या आकाशावर उडतात ते त्या एका ओळीवर.

कडा हा या कामाचा दुसरा जीव. खऱ्या दुनियेत कुठलीच कड सुरीने कापल्यासारखी नसते. खिडकीसमोर उभ्या माणसाच्या खांद्याला बाहेरचा उजेड थोडा खातो, लेन्समध्ये तो पसरतो, म्हणून पार्श्वभूमी बदलली की खांद्याची कडही बदलावी लागते, मागच्या चित्राचा प्रकाश पुढच्या माणसाच्या कडेवर हलकेच वळवावा लागतो. याला लाइट रॅप म्हणतात. नवीन मुलं ते इतकं घालतात की माणूस ट्यूबलाइटसारखा चमकायला लागतो. खिडकीपाशी आईला उभं करून बघा, म्हणते मी त्यांना. खांद्यावर किती येतो, नाकावर किती येतो, आणि काळ्या पदरावर तो जास्त का जाणवतो.

जिथे माणसामागे हिरवा किंवा निळा पडदा लावून चित्रण झालेलं नसतं तिथे कड हाताने काढावी लागते, त्याला रोटो म्हणतात. मॅक्स फ्लायशरला रोटोस्कोपचं पेटंट 1917 मध्ये मिळालं, तेव्हा काचेवर पडलेल्या चित्रावरून चित्रकार रेषा ओढायचा. आज मॉनिटरवर बिंदू ठेवत रेषा ओढायची, बाकी काम तेच. सेकंदाला 24 चौकटी, म्हणजे एका मिनिटाला 1440. धावणाऱ्या माणसाचा एकच आकार काढून चालत नाही. दंड वेगळा, कोपरापासून मनगट वेगळं, पंजा वेगळा, कारण प्रत्येक भाग वेगळ्या वेगाने धूसर होतो. जगभरच्या सिनेमांचं हे काम ऐरोली, मालाड, चेन्नई, हैदराबाद अशा ठिकाणी बसलेली विशीतली मुलं करतात. श्रेयनामावलीत त्यांचं नाव कधी येतं, कधी येत नाही. मला हे टोचतं. एखाद्या घोडेस्वाराच्या शॉटमधली घोड्याची आयाळ ज्याने चौकट चौकट करून सोडवली, त्याने तो घोडा दिग्दर्शकापेक्षा जास्त बघितलेला असतो. आता हेच काम यंत्र शिकू लागलंय आणि बऱ्यापैकी करतंय. मुलं विचारतात पुढे काय. मी त्यांना रोटो करतानाच कॉम्प उघडायला लावते, आपण काढलेली कड पुढे कुठल्या हवेत जाणार आहे ते बघायला लावते. कड बरोबर आहे का हे यंत्र सांगेल, पण त्या कडेमागे दुपार आहे की पहाट, हे ठरवायला बसणारा माणूस लागतोच.

सुरुवातीची काही वर्षं मी मोशन ग्राफिक्स करायचे. बातम्यांच्या पट्ट्या, निवडणुकीचे आकडे, दिवाळी अंकाच्या जाहिराती. बहुतेकांप्रमाणे आफ्टर इफेक्ट्स या सॉफ्टवेअरवर, जे 1993 मध्ये अमेरिकेतल्या एका छोट्या कंपनीने आणलं आणि पुढच्याच वर्षी ॲडोबीकडे गेलं. त्यात थर एकावर एक रचले जातात. आता ज्यावर काम करते ते न्यूक, डिजिटल डोमेन या स्टुडिओत त्यांच्या स्वतःच्या गरजेतून जन्मलेलं. त्यात थर नसतात, नोड असतात, म्हणजे एकेक क्रिया करणारे छोटे डबे, आणि चित्र पाण्यासारखं एका नोडमधून दुसऱ्यात उतरत जातं. दोन्हींची आपापली जागा आहे, कुठलं श्रेष्ठ या वादात मला रस नाही. मोशन ग्राफिक्सने मला दिली ती देवनागरीकडे बघायची सवय. अक्षरं एकेक करून आत आणायची म्हटली की सॉफ्टवेअर ती इंग्रजीसारखी सुटी करायचं. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, जोडाक्षराचे दोन तुकडे हवेत. मग आम्ही शब्दाचे आकार करून शिरोरेखा वेगळी कापायचो. आधी अक्षरं खालून वर यायची, क्षणभर उघडीच थांबायची, आणि मग डावीकडून उजवीकडे रेघ ओढली जायची. शाळेत पाटीवर आपण तसंच लिहिलेलं असतं, म्हणून ती हालचाल मराठी डोळ्याला लगेच पटते. रेघ आधी आणली की शब्द परका वाटतो. करून बघा.

प्रकाशाच्या बेरजेबद्दल थोडं सांगते, कारण यात भलेभले अडकतात. फोनमध्ये किंवा पडद्यावर जे आकडे असतात ते डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात. पडद्याच्या मोजपट्टीवर जो बरोबर मध्य, तो प्रत्यक्ष प्रकाशाच्या जेमतेम 21 टक्के असतो. त्या वाकवलेल्या आकड्यांवर चित्र धूसर केलं तर दिवे मेल्यासारखे करडे होतात. तलावपाळीला दिवाळीत रात्री उभं राहून मासुंदा तलावापलीकडचे दिवे फोनच्या कॅमेऱ्यात मुद्दाम आउट ऑफ फोकस करावेत. दिवा मोठा होतो, गोल होतो, पण विझत नाही, त्याची चकती भरघोस उजळ राहते. कारण तो दिवा शेजारच्या भिंतीपेक्षा शेकडो पट तेजस्वी असतो आणि पसरला तरी त्याच्याकडे पुरेसं उरतं. हा हिशोब जमण्यासाठी आकडे सरळ प्रकाशाचे लागतात आणि पांढऱ्याच्याही वर जाणारे लागतात. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिक या व्हीएफएक्स स्टुडिओने 2003 मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलेलं ईएक्सआर हे फाइलचं रूप त्याचसाठी आहे. त्यात दिव्याचा आकडा एकावर अडकत नाही, पन्नास असेल तर पन्नास राहतो.

आणि पाऊस. पावसावर मी कितीही बोलू शकेन.

चित्रण मेमध्ये झालेलं असतं आणि गोष्ट असते आषाढातली, हे आपल्याकडे नेहमीचं. मग पाऊस आम्ही घालायचा. घालणं सोपं वाटतं, काळ्यावर चित्रित केलेला पाऊस लायब्ररीत मिळतो, तो वरून मिळवला की झालं. पण ठाणे स्टेशनच्या फलाटावर उभं राहून खरा पाऊस बघितला तर तो सगळीकडे दिसतच नाही. मोकळ्या आकाशासमोर तो जवळजवळ अदृश्य असतो, कारण थेंब आकाशाचाच उजेड आपल्याकडे टाकतो आणि आकाशाच्या रंगात मिसळतो. तोच पाऊस समोरच्या फलाटाच्या काळ्या छपरासमोर आला की पांढऱ्या रेघांनी स्पष्ट होतो. रात्री तर फक्त दिव्याभोवती. म्हणून पाऊस काळं बघून घालायचा. रेघ किती लांब ठेवायची हेही ठरलेलं आहे. मोठा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगाने पडतो, कॅमेऱ्याचं शटर साधारण सेकंदाचा 48 वा भाग उघडं असतं, तेवढ्यात थेंब 19 सेंटिमीटर खाली येतो. जवळजवळ वीतभर. नायकाच्या चेहऱ्याशेजारी पडणारी रेघ त्याच्या पंज्याच्या विताएवढी हवी, मागच्या रिक्षापाशी तिथल्या मापाची वीत, आणि त्याहून लांब गेलं की रेघा संपून नुसतं धुकं.

तरीही शॉट खोटा दिसतो. गेल्या वर्षी असाच एक होता, रस्त्यावरून छत्री घेऊन जाणारी मुलगी. पाऊस सगळ्या हिशोबाने बरोबर, आणि तरी ती पावसात नव्हती. मी तो लूपवर लावून ठेवला आणि चहा संपेपर्यंत फक्त रस्ता बघत राहिले. रस्ता कोरडा होता. ओला डांबरी रस्ता कोरड्यापेक्षा खूप गडद असतो आणि त्यात दिव्यांच्या उभ्या लांब रेघा उतरतात. मग रस्ता गडद केला, भिंतींचे पायथे गडद केले, छत्रीच्या कडेला ठिबक लावलं, दुकानाच्या पाटीचं प्रतिबिंब उलटं करून लांबवलं आणि खडबडीत जागी तोडलं. हे झाल्यावर वरचा पाऊस निम्मा कमी केला. तो शॉट प्रसारित झाला तेव्हा घरी आई बघत होती. म्हणाली, "बिचारी भिजली गं." एवढंच. मला दुसरं काही नको होतं.

सध्या समोर वारीचं काम आहे. एका मालिकेत भक्ताला विठ्ठल प्रत्यक्ष दिसतो, मागे चंद्रभागेचं वाळवंट आणि पहाट, ती सगळी आम्ही करणार. सेटवर मागच्या पडद्याला सगळे क्रोमाच म्हणतात, आणि क्रोमा म्हणजे हिरवा असं निर्मात्याच्या डोक्यात घट्ट आहे. हिरव्याला कारणही आहे. डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर, कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी 1976 च्या पेटंटमध्ये मांडलेल्या रचनेप्रमाणे, दर चार बिंदूंत दोन हिरवे असतात, एक लाल, एक निळा. हिरव्यात माहिती जास्त, नॉइज म्हणजे दाणेदार कचरा कमी. त्यातून मॅट, म्हणजे कुठे माणूस आणि कुठे पडदा हे सांगणारं चित्र, काढायची मूळ युक्ती पेट्रो व्लाहोस यांची, रंगांच्या फरकाची. त्यांनी ती निळ्या पडद्यासाठी बसवली आणि 1959 च्या 'बेन-हर'साठी ती वापरली गेली. हिरव्याला लावायची तर हिरव्याच्या आकड्यातून लाल आणि निळ्यातला जो मोठा तो वजा करायचा. पडद्यावर बाकी मोठी उरते. माणसाच्या त्वचेत लाल नेहमीच वरचढ, म्हणून तिथे बाकी शून्य. जिथे बाकी उरली तो पडदा, जिथे उरली नाही तो माणूस.

पण विठ्ठलाच्या गळ्यात तुळशीचे हार आहेत. तुळशीच्या पानात हिरवा लालपेक्षा थोडाच जास्त असतो, म्हणजे बाकी थोडीशी उरते, आणि पान पूर्ण जात नाही, अर्धं पारदर्शक होतं. हारातून चंद्रभागा दिसायला लागते. नवरीच्या हिरव्या चुड्यानेही आम्हाला असंच छळलेलं आहे. निळा पडदा लावला तर तुळस वाचते, पीतांबर तर फारच छान सुटतो, कारण पिवळा निळ्याच्या अगदी उलट. मात्र विठ्ठल सावळा. रंगभूषावाल्यांनी दाखवलेल्या नमुन्यात निळसर झाक होती आणि तेलाची चमक. चमकत्या काळ्या अंगावर पडद्याचा निळा उजेड सगळ्यात जास्त उतरतो. आणि हात कमरेवर. दंड आणि कंबर यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना एकेक त्रिकोण, त्यातून पडदा दिसणार, आणि त्या अरुंद जागेत त्याचा उजेड हातावरून कमरेवर आणि कमरेवरून हातावर खेळत राहणार. अख्ख्या शॉटमधली सगळ्यात अवघड जागा तीच आहे. तिथे चूक झाली तर देव कापलेल्या पुठ्ठ्याचा होईल, आणि ते मला सहन होणार नाही.

काल कॅमेरामनशी फोनवर बोलले. निळाच लावू, म्हटलं. ते म्हणाले, निळ्यात नॉइज येईल. मी म्हटलं, पडद्यावरचा उजेड वाढवा, प्लेट अंधारी ठेवू नका, पहाट मी नंतर आणते. रंगात निळी झाक नको, दगडाचा काळा हवा, आणि तेल अजिबात नको. हार ताजे आणा, दुपारनंतर बदला, सुकलेली तुळस दोन शॉटमध्ये वेगळी दिसते. मागून उबदार दिवा एक, उंच, म्हणजे खांद्याच्या कडेला पहाटेची सोय आधीच होईल. आणि पडदा मूर्तीपासून निदान चार मीटर मागे, म्हणजे निळा उजेड अंगावर कमी उतरेल.

तेवढी जागा नाही हो त्या फ्लोअरवर, ते म्हणाले.

मग वीट पुढे घेऊ, म्हटलं.